ती बरी झाली, असं आम्ही जाहीर केलं

आमच्या धुळ्याच्या मंडळीला स्वतःचा पाळक नाही. आसपासच्या बऱ्याच मंडळ्या सांभाळणारे पाळकसाहेब महिन्यातून एखाद्या रविवारी येतात. मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते आणि मला चारचौघांत बोलता यायचं, म्हणून तरुण संघ माझ्याकडे आला. मागोमाग उरलेल्या रविवारांची उपासनाही आली. "देवाने तुला निवडलंय, बेटा," मंडळीतले सगळ्यात जुने वडील, आमचे आबा, म्हणाले. मला ते खरं वाटलं. तेव्हा मला सगळंच खरं वाटायचं.

संघात सोनगीरहून येणारी एक मुलगी होती, कॉलेजात शिकणारी. सूर ती धरायची, आम्ही बाकीचे तिच्या मागून चालायचो. तिच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं आणि धुळ्यात डायलिसिस सुरू झालं. वडील नव्हते. तिच्या आईला, मी तिला मावशी म्हणायचे, साखर होती, त्यामुळे तिची किडनी चालणार नव्हती. शिवाय मावशी अंगणवाडीत मदतनीस, तिला दर वेळी सुटी मिळायची नाही. मग शाळा सुटली की मी हॉस्पिटलात जाऊन मुलीजवळ बसायचे.

एप्रिल महिना होता. तिला घोटभर पाण्याचीच परवानगी असायची. ओठांना पापुद्रे आलेले. एकदा म्हणाली, "ताई, रविवारी ते जिवंत पाण्याचं गाणं नको घेऊस गं. जीव जातो माझा." आम्ही दोघी इतक्या हसलो की नर्स बघायला आली.

मी प्रार्थना करायला लागले की ती डोळे उघडेच ठेवायची. "नुसती बस ना," म्हणायची.

त्याच महिन्यात बाहेरून एक प्रचारक आले. चर्चच्या आवारात मांडव घातला. त्यांनी तिला पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि माइकवर ओरडले, "ऊठ! तू बरी झालीस! आता तुला यंत्राची गरज नाही!" सगळा मांडव उभा राहिला. त्या हाताखालून ती माझ्याकडे बघत होती. पुढारी म्हणून उपकारस्तुती करायला माइक माझ्याकडे आला. मी एवढंच म्हटलं, "प्रभू, हिला सांभाळ." ते फारच थोडं वाटलं असणार. आबांनी माइक घेतला आणि ती बरी झाल्याचं मंडळीच्या वतीने जाहीर करून टाकलं.

पुढच्या डायलिसिसला ती आलीच नाही. मी फोन केला, मावशीने उचलला नाही. बस धरून सोनगीर गाठलं. ती खाटेवर उशीला टेकून बसली होती, डोळ्यांखाली सूज. मावशी दारातच आडवी आली.

"देवनी बरं करं तिले. आते सुई नको."

"मावशी, देवाने डॉक्टरही दिलेत ना? डायलिसिस चालू ठेवून प्रार्थना करू."

"तू पुढारी शे ना आमनी? मंग तुनाच विश्वास कसा नही?"

मी हात जोडले, चिडले, रडले. पाळकसाहेबांना फोन लावून दिला. तेही तेच म्हणाले, पण मावशी ऐकून घेत राहिली आणि फोन परत माझ्या हातात दिला. मुलगी म्हणाली, "ताई, तिला नको दुखवूस. एवढं एकच तिच्याजवळ उरलंय. पुढच्या वेळी मी येते, खरंच."

ती आली, पण रिक्षात आडवी, धापा टाकत. मावशीनेच आणली. छातीत पाणी भरलं होतं. जिला आम्ही घोटभर पाणी द्यायला घाबरायचो, ती पाण्यानेच गेली.

पाळकसाहेब दूरच्या गावी होते, पोचू शकले नाहीत. दफनाची उपासना मी चालवली. पुस्तकातली वाक्यं आवाज कापू न देता वाचली. लोक नंतर म्हणाले, किती खंबीर आहे. मी खंबीर नव्हते. आत काही हलतच नव्हतं.

मग प्रचारकांचा निरोप आला: घरात कुणीतरी शंका घेतली असणार, म्हणून ती वाचली नाही. आबांनी तो मला सांगितला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. त्या रविवारी पुढच्या बाकांवरचे बरेच जण मला टाळत होते.

मी सोनगीरला गेले. मावशी भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "मनाच विश्वास कमी पडना का वं?"

"नाही मावशी. तुझा नाही."

"मंग कोणना?"

प्रचारकांचं म्हणावं, आबांचं म्हणावं, देवाचं म्हणावं, काहीच तोंडातून निघेना. तिने मला चहा केला. तो आम्ही गार होऊ दिला.

पाळकसाहेबांना मी सांगितलं, आता हे माझ्याच्याने होत नाही. ते म्हणाले, दुसरं कुणी मिळेपर्यंत चालव. संघातली निम्मी मुलं पुण्याला गेली, दुसरं कुणी नाही. म्हणून रविवारी अजून मीच उभी राहते. गाणी सुरात होत नाहीत. आजाऱ्यांसाठी प्रार्थनेची वेळ आली की लोक डोळे मिटतात. मी मात्र उघडेच ठेवते आणि छापलेली प्रार्थना शेवटपर्यंत वाचते.