इटालियन म्हणून सांगितलेली भिंत

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणणार नाही. सत्तरी उलटलेला फौजी माणूस मी, मूळचा साताऱ्याचा. पण गेल्या हिवाळ्यात जयपूरला भरदुपारी जे घडलं, ते जसंच्या तसं सांगतो...

लष्करातून निवृत्त झाल्यावर मी तिथल्या एका जुन्या, भव्य हॉटेलचा मॅनेजर झालो. रिक्षावाले पत्ताही त्याच्यावरूनच सांगतात. त्याच्या दरबार हॉलची भिंत आरशासारखी चकाकते. हे ‘आराइश’चं काम – चुन्याचे थर द्यायचे, गुळगुळीत दगडाने तासन्‌तास घोटायचे, शेवटी खोबरं चोळायचं. ती भिंत जयपूरच्याच नाथूलाल उस्तादांनी घोटलेली. मी मात्र पाहुण्यांना सांगायचो, “इटलीहून कारागीर आणला होता!” पाहुणे खूश.

उस्ताद वारल्यावर त्यांची मुलगी कमला मला भेटायला आली. “साहब, पिताजी का नाम भी ले लिया करो.”

मी हसून म्हणालो, “बहनजी, इटली बिकता है.”

ते हसू मला पुढे फार सललं.

गेल्या हिवाळ्यात त्याच भिंतीवर हॉटेलच्या इतिहासाची पितळी पाटी लागली. मजकूर माझ्याच तोंडचा – इटालियन कारागीर! मी नोकरी सोडलेली, तरी अनावरणही माझ्याच हस्ते. जयपूरलाच वाढलेली नात सई सोबत होती.

“आजोबा, भाषण छोटा ठेवा हं. मतलब, मला भूक लागलीय.”

मी पडद्याच्या दोरीला हात घातला आणि... घर्र, घर्र. भिंतीवर दगड घासल्याचा आवाज. मागोमाग ओल्या खोबऱ्याचा वास.

“आजोबा, भिंतीच्या आत कोण काम करतंय?” सई कुजबुजली.

म्हणजे भास नव्हता! मी नव्या मॅनेजरला विचारलं.

“काम? आज तो सब बंद है, साहब.” त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

मी भिंतीला तळवा लावला. त्या थंडीत ती गरम होती – नुकतीच घोटल्यासारखी.

मी दोरी सोडली, माइक घेतला. “इस पर जो लिखा है, झूठ है. और झूठ मेरा है. यह दीवार नाथूलाल उस्ताद ने बनाई.”

मॅनेजर कानाशी आला. “साहब, अब इटली का क्या करें?”

“वापस भेज दो.”

पुढे इंजिनिअरने भिंत तपासली. आत पाइप नाही, पोकळी नाही. आवाज कशाचा, तो आम्हा दोघांनाच का आला – मला आजही सांगता येत नाही.

नव्या पाटीचा पडदा कमलाबाईंनी ओढला. माझ्याशी त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. त्याचं कारण मात्र मला पक्कं ठाऊक आहे.