पहिली ओळ दिसेपर्यंत दुकानातून हललो नाय

मंडळी, उद्या आमच्या धाटावच्या ऑफिसात माझ्यासोबत काम करणाऱ्या सायलीचं पहिलं प्रेझेंटेशन आहे. त्यासाठी टीव्ही निवडायला साहेबांनी आज मला पेणला पाठवलं.

दुकानदार म्हणाला, "क्रिकेट बघ, स्टेडियमात बसल्यासारखं वाटतं!"

"काका, आम्हाला तक्ते वाचायचेत."

मी लॅपटॉप जोडून सायलीची फाईल उघडली. टीव्हीवर पानाच्या कडा कापल्या गेल्या आणि वरची ओळ गायब! त्याच ओळीत तिचं नाव. माझं डोकंच फिरलं.

"एक नाव नाय दिसलं तर काय बिघडतं रे?"

"माझं बिघडतं!"

रिमोट घेऊन सेटिंग धुंडाळलं, अख्खं पान आणलं. दहा पावलं मागे जाऊन बारीक अक्षरं वाचली, मगच टीव्ही घेतला.

उद्या प्रेझेंटेशन संपलं की तिला चहाला विचारणारच. थेट विचारू, की आधी कौतुक करू?