लहान स्पीकरला लांब रस्ता

सुखदेवभाऊ कुठेही गेले की बोटाच्या पेराने आधी काहीतरी ठोकून बघायचे. दार, रांजण, बाकडं, पेटी, जे समोर असेल ते. चंद्रपूरकडच्या सावली गावाजवळ, इथल्या शाळेवर मी बदलून आले तेव्हा माझा रेडिओ बंद पडला होता, म्हणून मी त्यांना खोलीवर बोलावलं. ते आले, रेडिओकडे बघितलंही नाही, आणि माझ्या जुन्या लाकडी कपाटाला कान लावून टकटक करत बसले. "मॅडम, रेडिओ तं होऊन जाईन," ते म्हणाले, "पण या कपाटात तुमी कपडे ठेवून राह्यल्या? याच्या पोटात लय आवाज हाय." मला माणूस थोडा सटकलेला वाटला. तो समज पुढेही फारसा बदलला नाही, फक्त आदर वाढत गेला.

बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. गावात चपटे टीव्ही आले तसे लोकांनी जुने, पोट सुटलेले टीव्ही त्यांच्याकडे आणून टाकले होते. भाऊ त्यांतले तळहाताएवढे स्पीकर काढून खिळ्यांना टांगून ठेवत. या लहान स्पीकरमधून खोल, जड आवाज काढायचा हा त्यांचा एकमेव नाद. बायको प्रमिलाबाई म्हणायची, "माह्या घरात जेवाले ताट नाई भेटत, सारे ताटं स्पीकरखाली." ती हे त्यांच्यासमोरच म्हणायची आणि ते मान डोलवायचे.

एकदा मी त्यांना आठवीच्या वर्गावर बोलावलं. त्यांनी नुसता स्पीकर हातात धरून गाणं लावलं, ते डास गुणगुणल्यासारखं वाजलं. मग तोच स्पीकर रिकाम्या रांजणाच्या तोंडावर ठेवला आणि वर्गातल्या खिडक्या थरथरल्या. पोरं बाकांवर चढली. मी फळ्यावर अनुनाद हा शब्द लिहिला, व्याख्या लिहिली, आकृती काढली. भाऊंनी ते सगळं नीट वाचलं आणि पोरांना म्हणाले, "मॅडमनं लिवलं ते बराबर हाय. आपल्या बोलीत सांगतो. लहान स्पीकरले ताकद नसते. त्याले मारझोड करान तं तो फाटते. त्याले लांब रस्ता द्या, मंग तो आपोआप मोठा होते." इतक्या वर्षांत माझ्या व्याख्येने कोणाला काही समजल्याचं मला आठवत नाही.

त्या वर्षी मोहफुलांच्या दिवसांत प्रमिलाबाईला वाघाने नेलं.

सकाळी सहा बाया फुलं वेचायला गेल्या होत्या. वनरक्षकाला वाटेवर वाघाचे ताजे माग दिसले, त्याने धावत येऊन ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून हाका मारल्या. जंगलाच्या कडेला होत्या त्या चौघी परत आल्या. प्रमिलाबाई आणि तिची जाऊ टेकाडापलीकडे होत्या, त्यांच्यापर्यंत हाक पोचलीच नाही. जाऊ वाचली ते केवळ झाडावर होती म्हणून. भोंगा ओरडत होता तेव्हा सुखदेवभाऊ दुकानात बसलेले होते, आणि त्या भोंग्याची तार दोनच दिवसांपूर्वी त्यांनीच जोडून दिली होती.

प्रमिलाबाईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मॅडम, चाला. मले तं खरं आयकू येत नाई आता, तुमचे कान पायजे." आम्ही वनरक्षकाबरोबर टेकाडापलीकडे गेलो. ठरल्याप्रमाणे गावातून कोणीतरी भोंग्यावर बोलत होतं. आम्हाला नुसती खसखस ऐकू आली, तीही पानांची असावी. पण पलीकडच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, लग्न होतं आणि तिथला ढोल मात्र स्पष्ट येत होता. "भोंगा झाडात फाटते," भाऊ म्हणाले. "ढोल येते. तिले ढोलानं बलावलं असतं तं ते आली असती."

त्यानंतर ढोलासारखा खोल आवाज लांब नेणारा खोका बनवायचा, याखेरीज वर्षभर त्यांनी दुसरं काम हातात घेतलं नाही. मोठा स्पीकर आणा, असं गावातल्या शहाण्यांनी सुचवलं. पण मोठ्या स्पीकरला पोसायला बॅटरीही मोठी लागते, आणि खोका सायकलवर बांधून कुठल्याही टोल्यावर नेता आला पाहिजे, असा भाऊंचा हट्ट होता. वाघ काही ग्रामपंचायत बघून येत नाही. म्हणून तेच टीव्हीतले स्पीकर, आणि त्यांच्या मागे लाकडी फळ्यांनी घड्या घातलेली, पुरुषभर उंचीहून लांब अशी वाट. पहिला खोका बेडकासारखा ओरडला. दुसऱ्यात त्यांनी धानाचा कोंडा भरला, त्यात किडे झाले. तिसऱ्यात सावरीचा कापूस घातला, आणि फळ्यांसाठी माझं कपाट मागून नेलं. कपडे मी खुर्चीवर ठेवायला लागले.

तो खोका वाजला तेव्हा मी टेकाडापलीकडे, प्रमिलाबाईच्या जागेवर उभी होते. तीन वेळा हूं, हूं, हूं. कानाआधी तो छातीत कळला. मी परत येऊन तसं सांगितलं तेव्हा भाऊ दुकानाच्या पायरीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. मग डोळे पुसून विचारलं, "छातीत म्हणजे कुठी?" मी बोट ठेवून दाखवलं.

गावात ठरलं की तीन हूं ऐकले की हातातलं टाकून गावाकडे यायचं. त्या हंगामात खोका चार-पाचदा वाजला आणि प्रत्येक वेळी सगळ्या बाया परत आल्या. लोक भाऊंना रस्त्यात थांबवून हात जोडायचे. त्यांना ते आवडत नसे. "आवाजाले जोडा हात," असं म्हणून ते सटकायचे.

पुढच्या वर्षी कौसाबाई मडावी वाघाच्या तोंडी गेली.

ती आणि तिची नणंद नाल्याच्या खोलगट भागात वेचत होत्या. आभाळ भरलेलं होतं, सूर्य दिसत नव्हता. खोका वाजला. नणंद नंतर सांगत होती, तेव्हा आम्ही सगळे तिच्याभोवती होतो आणि भाऊ सगळ्यांत मागे. "आवाज चारीकडून आला. कुठून येऊन राह्यला तेच समजे नाई. मी पळसाखाली बसून राह्यली. वहिनी म्हणे, बलावून राह्यले, जा लागते. ते आवाजाकडे गेली." कौसाबाईची टोपली झाडाखाली नीट टेकवून ठेवलेली सापडली. ठरल्याप्रमाणे तिने हातातलं टाकलं होतं. आणि ती नाल्याच्या पलीकडे, गावाच्या अगदी उलट दिशेला सापडली.

भाऊ तिच्या घरी गेले आणि दाराबाहेर जमिनीवर बसले. कौसाबाईच्या नवऱ्याने त्यांना शिव्या द्याव्यात अशी माझी इच्छा होती, ते सोपं झालं असतं. तो बाहेर आला, त्यांच्याशेजारी बसला आणि म्हणाला, "भाऊ, तुमी बलावलं, ते निंगाली. तुमच्याकडंच येऊन राह्यली होती ते."

आता जे लिहायचं आहे ते टाळावं असं मला फार वाटतं. खोल आवाज लांब जातो, पण तो कुठून येतो ते कानाला ओळखता येत नाही. टोकदार आवाजाची बाजू लगेच कळते, जाड आवाजाची कळत नाही. हे मला माहीत होतं. मी विज्ञान शिकवते, हे माझ्या पुस्तकात होतं, परीक्षेत मी त्यावर प्रश्न काढला होता. टेकाडापलीकडे उभी असताना मला गाव कुठे आहे ते आधीच ठाऊक होतं, म्हणून ही गोष्ट माझ्या मनातसुद्धा आली नाही. मी नुसती छातीवर हात ठेवून खूश झाले होते.

तिसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन हे सांगितलं. भाऊ तार सोलत होते, ती हातातच राहिली.

"तुमाले माईत होतं?"

मी हो म्हणाले.

ते पुन्हा तार सोलायला लागले. मी उभी होते, त्यांनी बसा म्हटलं नाही. मी निघून आले. पुढचे कितीतरी दिवस ते मला रस्त्यात दिसले की दुसरीकडे बघत, आणि ते बरोबरच होतं.

पावसाळा संपत आला तेव्हा ते शाळेच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्यांनी दार ठोकलं, दोनदा, नेहमीसारखं बोटाच्या पेराने. "मॅडम, सांगा आता. बाजू कोणत्या आवाजात रायते?"

"याच आवाजात," मी म्हणाले. "तुम्ही आता ठोकलं त्यात."

मग ते जंगलात जाणाऱ्या तिन्ही पायवाटांच्या तोंडाशी एकेक खोका बसवायच्या मागे लागले. खोल आवाज आधी, म्हणजे बायांनी थांबायचं आणि एकत्र व्हायचं. मग टकटक, म्हणजे ज्या बाजूने ती येते तिकडे चालायचं. टकटक लांब पोचत नव्हती, म्हणून खोके जितके आत नेता येतील तितके नेले. टकटकीसाठी त्यांनी माझ्या कपाटाची उरलेली फळी घेतली आणि स्वतःच्या पेराने ठोकून तो आवाज रेकॉर्ड करून खोक्यांत भरला. बायांना शिकवायला ते घरोघरी गेले. कौसाबाईच्या घरी आधी गेले. मी बरोबर होते. माझ्याशी बोलत होते, पण पूर्वीसारखं नाही.

फुफ्फुसाचं दुखणं होतं की मन खचलं होतं, कोण जाणे. थंडीत त्यांना चंद्रपूरच्या दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेले तेव्हा डॉक्टर त्यांच्या पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकत होते. भाऊ डोळे मिटून ऐकत होते. डॉक्टर काही बोलायच्या आधी भाऊच मला म्हणाले, "खाली पाणी भरलं हाय, मॅडम. आवाज बसला." डॉक्टरांनी होकाराची मान हलवली. ते गेल्यावर भाऊंनी विचारलं, "या साली कोनी वाट चुकलं का?" अजून मोहफुलं पडायला लागली नव्हती, हे त्यांच्या लक्षात नव्हतं. मी म्हणाले, नाही, कोणीही नाही. "तुमी मनात नका ठेवू," ते म्हणाले. मी मनात ठेवलं आहे. चार दिवसांनी ते गेले.

मोहफुलं सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात वनरक्षकाने खोके वाजवून बघायचं ठरवलं. मी म्हणाले, नाल्यातल्या जागेवर मी उभी राहते. त्या दिवशीही आभाळ होतं. मी पळसाखाली डोळे मिटले आणि गाव कुठे ते विसरायचा प्रयत्न केला, जागच्या जागी गिरक्या घेतल्या, दिशा खरोखर हरवेपर्यंत. तीन हूं आले. समोरून, मागून, जमिनीतून, सगळीकडून. मला भीती वाटली, नुसती उभी होते तरी. कौसाबाईने एवढंच ऐकलं होतं. आणि मग डाव्या हाताला, बारीक पण अगदी स्पष्ट, सुखदेवभाऊंनी माझं कपाट ठोकलं.

मी एक वर्ष आधी बोलले असते, तर कौसाबाई याच बाजूला चालली असती. मी डोळे उघडले आणि त्या टकटकीकडे चालायला लागले.