आक्काची रास आणि विमानाचा पंखा

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसतो. कोणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कोणाचा दिवा आपोआप विझतो... माझी उभी हयात लोणावळ्याच्या लोको शेडमध्ये फिटर म्हणून गेली. तिथे एखादी गोष्ट ‘आपोआप’ झाली तर त्याचा अर्थ एकच – कोणीतरी नट सैल सोडलाय! भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी उठून बाहेर जायचो. आता मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर शेडमधले जुने दोस्त माझी चांगली हजेरी घेणार. घेऊ देत.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, नाणे मावळात दिलेली. कामशेतला उतरायचं, नदी ओलांडायची आणि डोंगराच्या कडेकडेने पायी जायचं. वाट संपते तिथे तिचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून मला जेवायला बोलावतात आणि ते मला बंद करायचं नाही. आक्काचे मालक पलटणीत होते, ते परमुलखात लढाईतच गेले. घरात उरले म्हातारे सासरे – सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं – आणि आक्का.

आबा वाईट नव्हते हो. पण एकटी बाई भातशेती कसणार म्हणजे काय, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. त्यांचा पुतण्या दगडू शेत कसायला तयार होता. आक्का हट्टाला पेटलेली. शेवटी आबांनी तोडगा काढला.

“ह्या साली कसून बघ. उफणून रास घरात आली तर शेत तुज्याकडं. न्हाई आली तर दगडू कसल. मग माज्या नावानं बोटं मोडायची न्हाईत.”

रास आली नाही तर आक्काने माझ्याकडे लोणावळ्याला यायचं, हेही ठरलं. माझ्या खोलीत जागा होती. पण तिला खोली नको होती, शेत हवं होतं.

आता पंख्याचं सांगतो. त्याच्या आदल्या पावसाळ्यात डोंगरावरच्या माळावर एक छोटं शिकाऊ विमान धुक्यात उतरलं... उतरलं कसलं, आपटलं! वैमानिक अगदी कोवळा गोरा पोरगा, पाय मोडलेला. वरच्या ठाकरवाडीतल्या माणसांनी त्याला डोलीत घालून खाली आणलं आणि पहिलं घर लागलं ते आक्काचं. तिने त्याला पडवीत निजवून पेज पाजली. मग मिलिटरीवाले आले, त्याला घेऊन गेले. मागून येऊन इंजीन नेलं, पत्रा नेला. प्रोपेलर, म्हणजे पुढचा पंखा, मात्र टाकून गेले, कारण त्याच्या एका पात्याचं टोक मोडलं होतं. लाकडी होता तो. एकावर एक फळ्या चिकटवून घडवलेला, कडेला पितळेची पट्टी. ठाकरांनी तो आक्काच्या अंगणात आणून टाकला. “पेज तू पाजलीस, लाकूड तुजं,” म्हणाले.

पुढचं वर्षभर त्या बिचाऱ्या प्रोपेलरने फार सोसलं. आधी त्याच्यावर दोडक्याचा वेल चढवला. मग दोन दगडांवर टेकवून त्याचं बाकडं केलं. पण पात्याला पीळ असतो ना, बसणारा हळूहळू घसरत शेजारच्याच्या मांडीवर जायचा. त्या बाकड्यावर गावातली एक सोयरीक मोडता मोडता राहिली. दिवाळीला गेलो तेव्हा मी ते बघितलं आणि माझे हात शिवशिवायला लागले.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. भाताची मळणी झाली की दाणे आणि फोल एकत्र असतात. मग वावडीवर, म्हणजे उंच तिपाईवर, उभं राहून पाटीतून ते मिश्रण खाली सोडायचं. वारा फोल उडवून नेतो, दाणा सरळ खाली पडतो. ही उफणणी. वारा नसला की सगळं घर हात जोडून बसतं. मी म्हटलं, दारात विमानाचा पंखा पडलाय आणि आपण वाऱ्याची वाट बघायची?

मोडक्या पात्याएवढंच दुसरं पातं कापून मी बॅलन्स साधला. बैलगाडीच्या जुन्या आखावर पंखा बसवला, दोन खांब रोवले, बाजूला दांड्याचं मोठं चाक उभं केलं आणि भाताच्या गिरणीतला टाकाऊ चामडी पट्टा दोन्हींवर चढवला. पहिली ट्रायल घ्यायला गाव लोटलं. मी दांडा फिरवला... आणि पंखा असा सुटला की फोलाबरोबर दाणेही उडाले, ते थेट दगडूच्या वांग्यात!

दगडू म्हणाला, “पावनं, लय झ्याक. आता माज्या वांग्याला आंबेमोहोर लागंल.”

लोक पोट धरून हसले. मी तोंड पाडून मोठी पुली बसवली, स्पीड उतरवला, आणि मग मात्र पंखा शहाण्यासारखा चालायला लागला.

मार्गशीर्षात आक्काची मळणी झाली. खळ्यावर छातीएवढा ढीग. मी रजा टाकून गेलो. वारा पार पडलेला होता, म्हणून पंखा जोडला. चार पाट्या झाल्या असतील नसतील, फाट्कन आवाज आला. चामडी पट्टा उभा फाटला होता, चिंध्याच झाल्या. त्याच सुमाराला घाटाकडून ढग चढायला लागले. मावळातला अवकाळी पाऊस कोणाचं ऐकत नाही.

मी दोर बांधून बघितला, तो पुलीवरून निसटायचा. हाताने पातं ढकललं, दोन फेरे घेऊन थांबायचं. मी म्हटलं, ढीग तसाच घरात टाकू. आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवघरात जोडे घालून शिरलोय. न उफणलेली रास उंबरा ओलांडत नाही, असा तिथला रिवाज. अपुरी रास घरात नेली की घर अपुरं राहतं म्हणे. मी चिडलो. भिजून दाणा काळा पडला तरी चालेल, रिवाज मोडायला नको! पण त्या घरात माझं काय चालणार?

आणखी एक रिवाज होता. वारा पडला की वावडीवर चढून वाऱ्याला हाक मारायची. ज्याची रास त्याने मारायची, आणि घरातल्या पुरुषानेच. दगडू मोठ्या मनाने वर चढला. “ये गं माय! ये गं, ये!” त्याचा आवाज डोंगरावर आपटून परत आला, वारा काही आला नाही. मग आबांनी खालूनच हाक दिली. निम्म्यात त्यांना खोकला लागला. खळ्याच्या कडेला पिंपळ होता. पिंपळाचं पान कशानेही हलतं, तेसुद्धा गप्प होतं.

“ऱ्हाऊ दे आता,” आबा बसत म्हणाले. “पोरी, तू केलंस तेवढं लय केलंस.”

आमच्या आईच्या मयतीलासुद्धा मी आक्काचा चेहरा तसा पाहिला नव्हता. तिने पदर खोचला, पाटी भरून घेतली आणि वावडीकडे गेली.

“वयनी, बायामानसं न्हाईत चढत,” दगडू म्हणाला.

“रास कुनाची हाय, भावजी?”

दगडूने आबांकडे बघितलं. तोवर ती वर चढली. पहिली हाक नुसती पुटपुटल्यासारखी निघाली. मग तिने मान वर केली आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी ओरडली –

“ये गं माय! माजी रास हाय! मी बोलावतीया, ये!”

मी पंख्याला टेकून उभा होतो. पाठीला लाकूड हललेलं जाणवलं. मला वाटलं माझाच धक्का लागला, म्हणून बाजूला झालो. पातं सावकाश खाली आलं, दुसरं वर गेलं... आणि पंखा फिरायला लागला. पट्टा नव्हता. दांड्याचं चाक जागच्या जागी उभं होतं. दगडू पलीकडे, आबा खाली बसलेले. पंख्याजवळ मी सोडून कोणी नव्हतं.

तुम्ही म्हणाल, वाऱ्याने फिरला असेल. मीही तेच म्हटलं. पंख्याच्या समोर जाऊन उभा राहिलो. काही नाही. वाडीतल्या एका चुलीचा धूर सरळ काठीसारखा वर चाललेला, पिंपळ गप्प. मागे, खळ्याच्या बाजूला गेलो... तिथे वारा! गार, एकसारखा, अगदी उफणायला हवा तेवढाच. आणि इंजिनाशी ज्याचा संबंध आलाय त्याला विचारा. पंखा वाऱ्याने फिरला तर त्याच्या मागे वारा कमी होतो. इथे समोर काहीच नाही आणि मागे वारा. फिरवणारं काहीतरी लागतं. ते कुठे होतं? आखाला हात लावला, आख थंडगार.

“नामा!” वावडीवरून आक्का ओरडली. “बघत काय बसलास? पाटी भर!”

आणि मी पाटी भरली, काय करणार! दगडूनेही कंबर कसली. आबा उठून झाडूने फोल बाजूला सारायला लागले. आक्का पाटीमागून पाटी ओतत होती, दाणा सरळ खाली पडत होता, फोल धुरळ्यासारखा लांब जात होता. मधूनच ती हसत होती. कितीतरी दिवसांनी.

शेवटची पाटी रिकामी झाली आणि पंख्याची पाती मंदावली. थोडी झुलली, थांबली. मी हात लावून ढकलून पाहिलं. दोन फेरे घेऊन पुन्हा थांबला. पोती भरून आम्ही घरात नेली. शेवटचं पोतं दगडूच्या पाठीवर असतानाच पावसाचे टपोरे थेंब खळ्यावर पडायला लागले.

गावाने मग आपापले अर्थ लावले. कोणी म्हणालं, वैमानिकाचा आत्मा. पण तो तर बरा होऊन आपल्या मुलखात गेल्याचं आम्ही ऐकलं होतं, तेव्हा जिवंत माणसाचा आत्मा कुठून येणार? कोणी म्हणालं, आक्काचे मालकच मदतीला आले. त्यावर आक्का फिसकन हसली. “त्यांना उफणायच्या दिवशी हमखास पोटदुखी व्हायची. मेल्यावर कुटं उठून येत्यात कामाला!” असं म्हणून तिने डोळे पुसले, तेही मी पाहिलं.

तो पंखा पुढे पुष्कळ वर्षं चालला. नव्या पट्ट्यावर, माणसांनी दांडा फिरवून. आजूबाजूच्या गावांत गाडीत घालून न्यायचे. ठाकरवाडीतल्या बायका वावडीवर चढायला लागल्या, मग खालच्याही. आपोआप मात्र तो पुन्हा कधी फिरला नाही. मी शेडमधल्या ड्रायव्हरांना विचारलं, सायन्स शिकवणाऱ्या मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, तुमची नजर चुकली असेल. नजर चुकेल हो, पण पोत्यातलं भात चुकेल का? आजतागायत मला उत्तर मिळालेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर कळवा, फक्त नट सैल होता म्हणू नका. ते मी तपासलंय.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी, पाऊस उघडल्यावर, मी पान्हा घेऊन तेच करत बसलो होतो. आख उतरवला, नट बघितले, ग्रीस बोटावर घेऊन बघितलं. पडवीत धान्य मोजायची तयारी चालली होती. आमच्याकडे पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात, आणि ते घरच्या कर्त्याने म्हणायचं असतं. आबांनी पायली हातात घेतली. मग ती आक्कापुढे केली.

“घे,” म्हणाले. “शेत तुजं, तर माप बी तूच घाल.”

माझे हात ग्रीसने माखलेले, समोर सगळे सुटे भाग पसरलेले, आणि पडवीतून आक्काचा आवाज आला, खणखणीत –

“लाभ!”