बासरी काढा, ट्रम्पेट परत लावा

बासरी काढा आधी.

हो, तुम्हालाच म्हणतेय. सकाळपासून "हनीफचाचांच्या आठवणी" म्हणून जी रील फॉरवर्ड करताय, तिच्यात बासरी कुणी घातली?

"मूळ म्युझिक प्रसंगाला शोभत नव्हतं" म्हणे.

अरे, ते कधीच शोभत नव्हतं! तीच तर गंमत होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हनीफचाचा आज पहाटे दापोलीजवळ त्यांच्या गावी वारले.

पप्पांचे दोहातले रूममेट. आठवडाभर इंडस्ट्रियल एरियातल्या गोडाउनमध्ये स्टोअरकीपर, शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा. आमच्या भागातली जी माणसं कतारला होती, त्यांचे व्हिडिओ चाचा काढायचे. सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून कॅसेट घरोघरी पोचायची.

सगळ्या कॅसेट सारख्याच. माणूस समुद्राकाठी उभा. माणूस दुसऱ्याच्याच गाडीला टेकून उभा. माणूस बोलतोय, ओठ हलतायत.

आणि आवाज?

ट्रम्पेट. ढोल. मध्येच अकॉर्डियन. मग एक बाप्या जीव तोडून स्पॅनिशमध्ये गातोय.

आम्हाला कुठलं स्पॅनिश माहीत! अख्ख्या वाडीला वाटायचं ही अरबी गाणी. कतारची.

शेजारच्या काकू तर टीव्हीसमोर हात जोडायच्या. अरबी आहे म्हणजे देवाचंच असणार.

पाचवीच्या सुट्टीत आई आणि मी व्हिजिट व्हिसावर दोहाला गेलो. मी विमानतळापासून कान टवकारून बसलेली.

टॅक्सीत मल्याळम. सूक वाकिफच्या बाजारात कुठेतरी ऊद नावाचं तंतुवाद्य. खालच्या किराणा दुकानात हिंदी.

माझं कतार कुठे गेलं?

"चाचा, इथे कतारची गाणी का नाही लागत?"

"कंची गो?"

मी गाऊन दाखवलं. हातवाऱ्यांसकट.

चाचा हसत हसत कॅमेऱ्याच्या बॅगेवरच बसले. पप्पांना म्हणाले, "अरे, बघ तुझी पोर! हिला वाटतं अरब लोक न्याहारीला हे ऐकतात!"

मग त्यांनी पलंगाखालून खोका ओढला. सीडीच सीडी. सगळ्या लॅटिन, म्हणजे स्पॅनिश गाण्यांच्या, आणि प्रत्येकीवर गोल स्टिकर: नंबर वन.

अमेरिकेतल्या लॅटिन चार्टवर पहिला आलेलाच अल्बम चाचा घ्यायचे. दुसऱ्या नंबरवाल्याला हात लावायचा नाही.

"असं का?"

"मला त्यातलं काय कळतंय? ज्यांना कळतं त्यांनी पास केलाय ना. खलास."

"मग हिंदी लावा ना. ते तर कळतं."

चाचांनी पप्पांकडे बघितलं. पप्पा चहा गाळायला उठले.

"कळतं म्हणूनच नाय लावत," चाचा म्हणाले.

मला ते उत्तर पुरलं नाही. पुढे कित्येक वर्षं पुरलं नाही.

मी आठवीत असताना पप्पा गेले. घरात कॅसेटी राहिल्या. ओठ हलतात, ट्रम्पेट वाजतं. पप्पांचा फोनवरचा आवाज मी हळूहळू विसरले. खरंच विसरले.

कॉलेजात हट्टाने स्पॅनिशचा क्लास लावला. पप्पांच्या ओठांवर जे गाणं चढवलंय, ते निदान म्हणतंय काय?

कळलं एकदाचं.

पप्पा इस्त्रीच्या शर्टात, मागे पाण्याचा टँकर. आणि गाणारा म्हणतोय, बये, तुझी कंबर बघून माझी झोप उडालीय, चल नाचायला.

आईला सांगितलं. वाटलं चिडेल.

आई भांडी पुसत होती. "अगंबाई," म्हणाली. हातातलं पातेलं पुसून ठेवलं.

मग म्हणाली, "तुझे पप्पा स्वतःहून असं कधी बोलले असते का गं?"

आणि मला कॅसेट परत लावायला सांगितली.

तरी माझा प्रश्न तिथेच. मागच्या वर्षी चाचांकडे गेले तेव्हा सरळ भांडलेच.

"आवाजवाली मूळ टेप कुठेय?"

"तिच्यावर दुसऱ्याचं लगीन घेतलं गो. टेपा परत वापरायचो आम्ही."

"पण आवाज काढलात कशाला?"

"मी कशाला काढीन? तुझ्या बापाने काढायला लावला."

चाचांनी काढलेली पहिली कॅसेट पप्पांचीच होती. हे मला माहीतच नव्हतं.

पप्पा कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. मी बरा आहे, जेवण चांगलं आहे, काळजी करू नका. सगळं नीट बोलले.

मग माझ्याबद्दल विचारलं, "बाय पोहायला शिकली काय?"

आणि तिथे आवाज रडवेला झाला.

"चेहरा आवरलान त्याने, आवाज नाय आवरला," चाचा म्हणाले. "मला बोलला, हनीफ, चित्र जाऊ दे. आवाज नको, घरी ऐकतील. काहीतरी असं लाव की कुणाला कायच कळणार नाय."

चाचा खाली सीडीच्या दुकानात गेले. समोरच नंबर वनचा स्टिकर दिसला.

कॅसेट गावी पोचली, लोकांनी बघितली. मग ज्याला त्याला तेच हवं. कॅमेऱ्यासमोर उभा राहिला की म्हणायचा, "हनीफ, मलापण तसंच कर."

म्हणून सांगतेय.

त्या रीलमध्ये समुद्राकाठी उभे आहेत ना, तुमचे मामा, तुमचे वडील? प्रत्येकाने त्या ट्रम्पेटखाली काहीतरी लपवलंय.

बासरी ऐकून रडू येतं. त्यांना नेमकं तेच नको होतं.

पप्पांचा तो आवाज ऐकलेला एकच माणूस होता. तो आज गेला.

चाचा, पप्पा भेटले तर सांगा. शिकले. काकांनी विहिरीत ढकललं होतं, पण शिकले.

सलाम, चाचा. शुक्रन.

ट्रम्पेटवाला मूळ व्हिडिओ खाली टाकलाय. आवाज मोठा करून बघा.

कॉमेंट बंद केल्यात. मी चाचीकडे निघाले.