फौजीच्या घरचा विस्तव

लग्न होऊन मी मध्य प्रदेशात बालाघाटला आले तेव्हा मला वाटलं होतं, घरात एक सासू असेल. आल्यावर कळलं की ती माझी एकटीची नाही, सगळ्या गल्लीची आहे. कुणाचं बाळंतपण असो, कुणाच्या पोराला गोवर असो की कुणाचे पापड वाळायचे असोत, आमच्या सासूबाई सगळीकडे पुढे. त्यांना कुणी बोलवावं लागत नसे. मी भंडाऱ्याकडची, चार माणसांत हळू बोलणारी, आणि यांचा आवाज वारासिवनीच्या बाजारापर्यंत जाईल असा. त्यांच्यावर माझा जीव जडायला बराच काळ लागला. तो ज्या हिवाळ्यात जडला, त्या हिवाळ्याबद्दल सांगते.

एकाहत्तर साली डिसेंबरात लढाई सुरू झाली. बालाघाटपासून सरहद्द कुठे, आम्ही कुठे. वाट चुकलेलं विमानही इकडे यायचं नाही, इतके आम्ही आत जंगलात. पण गल्लीतल्या जाणत्या माणसांचं म्हणणं असं, की उकव्याला मँगनीजच्या खाणी आहेत, दुश्मनाला त्या ठाऊक असणारच. म्हणून ज्यांच्या खिडक्यांना काचा होत्या त्यांनी काळे कागद चिकटवले. आमच्या खिडकीला काच नव्हती, नुसतीच लाकडी झडप होती, तरी सासूबाईंनी तिच्यावर कागद लावला. पानठेल्यावरच्या रेडिओभोवती माणसं दाटीवाटीने उभी राहायची. बातम्या हिंदीत, चर्चा अर्धी हिंदीत आणि काळजी मात्र आपापल्या भाषेत. आपणही काहीतरी केलं पाहिजे असं सगळ्यांना वाटत होतं, आणि नेमकं काय करायचं ते कुणालाच सुचत नव्हतं.

सासूबाईंना सुचलं. आमच्या भिंतीला भिंत लावून एका फौजीचं बिऱ्हाड होतं. तो फौजेत गाड्यांच्या दुरुस्तीवर होता आणि या वेळी आघाडीवर गेला होता. त्याचे वडील लांजीकडच्या गावात शेती करायचे. इथे त्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी, दोघीच. ती बाई माझ्याहून थोडी मोठी, उंच, शेतात वाढलेली, कामाला वाघीण आणि बोलायला अगदी कमी. मी तिला ताई म्हणायची, ती मला वयनी.

लढाई लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी गल्लीतल्या बायकांना आमच्या अंगणात जमवलं. म्हणाल्या, "तो तिकडे आपल्यासाठी थंडीत उभा आहे, अन् इकडे त्याची बायको चूल फुकून राह्यली. आपल्याले काही लाज आहे का नाही?"

लाज सगळ्यांनाच वाटली. ठरलं असं, की लढाई संपेपर्यंत त्या घरात चूल पेटवायची नाही. रोज एकेका घरून दोन्ही वेळचं जेवण जाईल. भात, वरण, लाखोडीची भाजी, ज्याच्या घरी जे असेल ते. अन्न गार होऊ नये म्हणून भांड्यावर धडुतं बांधायचं. तिला एकटं वाटू नये म्हणून दुपारी दोघीतिघींनी जाऊन बसायचं. तिच्यासमोर लढाईचं बोलायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही. पोरांना तिच्या दारासमोर गोंधळ करायला बंदी झाली. सासूबाईंनी तर तिच्या चुलीतली राख स्वतः काढली, चूल सारवली आणि लाकडं उचलून आमच्या पडवीत आणून ठेवली.

ती एकदाच म्हणाली, "काकी, रांधीन ना मी."

"तू बस वं," सासूबाई म्हणाल्या. "तुह्या हातचं खाऊ आमी तो आल्यावर."

ती बसली. दिवसेंदिवस ती जास्तच गप्प होत गेली. आणलेलं अन्न मुलीला भरवायची, स्वतः दोन घास खायची. आम्हाला वाटलं, नवऱ्याच्या काळजीने. म्हणून आम्ही आणखी हळू बोलायला लागलो. कधी कधी तर कुणीच बोलत नसे, आम्ही आपल्या पदर डोक्यावर घेऊन तिच्याभोवती बसून राहायचो.

असंच एका दुपारी बसलो होतो. लांजीहून बस आली आणि तिचे सासरे नवे तांदूळ घेऊन थेट घरी आले. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, नुकतीच झाली होती, नातीसाठी पहिले तांदूळ आणले होते. म्हातारा दारात आला. समोर सारवलेली थंड चूल. भिंतीशी कापड बांधलेली परक्या घरची भांडी. मध्ये सून मान खाली घालून बसलेली आणि तिच्या भोवती गल्लीतल्या बायका, कुणाच्या तोंडून शब्द नाही.

आमच्याकडे ज्या घरचं माणूस जातं, त्याच घरची चूल विझते. तिथेच शेजारपाजारचे लोक भांडी झाकून अन्न नेतात, तिथेच बायका अशा जाऊन बसतात. हे आम्हा सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. तरी इतक्या दिवसांत एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. म्हाताऱ्याला मात्र ते एका नजरेत दिसलं. डोक्यावरचं पोतं त्याने उतरवलं नाही, ते आपलं आपणच खाली आलं. तो उंबऱ्यावर बसला. डोक्याचा दुपट्टा सोडून त्याने तोंडावर धरला आणि त्याआडून विचारलं, "कधी गेला?"

"कोण गा?" सासूबाईंनी विचारलं.

"माहा पोरगा."

मग ताई उठली. तिचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"मामाजी, कोणी गेलं नाही. ते आहेत. ही चूल आपोआप नाही विझली, या बायांनी विझवली."

आणि मग आमच्याकडे वळून, तितक्याच जोरात, "रोज भांडं आलं का मले वाटे, मलेच नाही समजलं, अन् साऱ्या गल्लीले समजलं. कोणी सांगून नाही राह्यलं, म्हणून जेवण आणून राह्यले."

तिने ते पोतं घरात ओढलं. आमच्या पडवीतून लाकडं आणली, कुणाला विचारलं नाही. गल्लीतल्या सगळ्या बायकांसमोर तिने चूल पेटवली. इतके दिवस थंड पडलेल्या चुलीचा धूर खोलीभर झाला, आमचे डोळे चुरचुरले, पण कुणी उठलं नाही. नव्या तांदळाचा भात तिने शिजवला आणि सासऱ्यापुढे वाढला. म्हाताऱ्याने सुनेच्या तोंडाकडे बघत बघत तो खाल्ला. मी इतकी शरमलेली त्याआधी कधी नव्हते, आणि सासूबाईंकडे बघायचा तर मला धीरच झाला नाही.

सासूबाईंनी आपलं भांडं उचललं आणि घरी आल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. माझ्या नवऱ्याने विचारलं, "आई, काहून नाही जेवत?" तर म्हणाल्या, "पोट बरं नाही." माफी वगैरे मागणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांच्याच काय, आमच्या पिढीआधीच्या कुठल्याच बाईच्या नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर सासूबाई हातात गोवरीचा तुकडा घेऊन ताईच्या दाराची कडी वाजवतायत.

"इस्तो दे वं," म्हणाल्या. "आमची चूल पेटून नाही राह्यली."

इस्तो म्हणजे विस्तव. चुलीतला निखारा गोवरीवर घेऊन घरी न्यायचा आणि त्यावर आपली चूल पेटवायची, ही जुनी रीत. पण आमच्या फळीवर काडीपेटी होती, आदल्याच बाजारी आणलेली. हे ताईलाही ठाऊक असणार. तिने क्षणभर सासूबाईंकडे बघितलं. मग आत जाऊन चूल फुंकली आणि चांगला लालबुंद निखारा गोवरीवर ठेवून दिला.

त्यानंतर रोज. सासूबाईंचं बघून इतर बायकाही जायला लागल्या. कुणी विस्तव मागे, कुणी चाळणी, कुणी मूठभर मीठ. दुपारी गप्प बसायला जाणं बंद झालं, उलट आम्ही तिला घरी बोलवायला लागलो. पापड लाटायला ये, गोधडीला धागा घालू लाग. सासूबाईंनी तर मोरीच्या पाण्यावरून तिच्याशी एक खणखणीत भांडण केलं. मला आधी राग आला, या बाईला वेळकाळ कळत नाही म्हणून. मग दिसलं, की भांडताना ताईचा चेहरा किती दिवसांनी मोकळा झाला होता.

लढाई संपली. जिंकल्याचे पेढे वाटले गेले, पोरांनी गल्लीत झेंडा फिरवला. कुणाकुणाच्या घरी खुशालीचा निरोप आला. ताईकडे काहीच आलं नाही. दिवसामागून दिवस गेले तसे गल्लीतले आवाज पुन्हा बारीक व्हायला लागले. एका बाईने तर सासूबाईंना सुचवलंही, की आता पुन्हा जेवणाचं बघावं का. सासूबाईंनी तिला असं काही झापलं की ती महिनाभर आमच्याकडे फिरकली नाही. आणि सकाळ झाली की सासूबाई गोवरी घेऊन ताईच्या दारात. ताईने मला नंतर सांगितलं, "वयनी, काही काही दिवशी मी उठलीच नसती. पण काकीची कडी वाजे. साऱ्या गल्लीले माह्या घरचा इस्तो लागते, मंग चूल पेटवल्याबिगर कसं जमन?" तिला एवढंच हवं होतं, की तिचं घर गल्लीने जित्या घरांत धरावं.

जानेवारी सरता सरता निरोप आला. तो जिवंत होता, फौजेच्या दवाखान्यात होता. एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता.

मोहफुलं पडायच्या दिवसांत तो गोंदियाहून छोट्या लाइनच्या गाडीने आला. स्टेशनवर हार, गुलाल, ढोल. पुढाऱ्यांनी भाषणं केली, ती त्याने कुबड्यांवर उभं राहून ऐकली. गल्लीत आला तर पोरांनी सलाम ठोकले. त्यात खोटं काही नव्हतं. आम्हाला खरंच त्याचे पाय धरावेसे वाटत होते.

पण पुढे काय झालं, तर तो ओट्यावर बसून राहायला लागला. येणारा-जाणारा वाकून नमस्कार करी आणि पुढे जाई. तो पाणी घ्यायला उठला की तीन माणसं धावत. काही म्हणायला गेला की सगळे मान डोलवत. फौजेचे ट्रक उघडून पुन्हा जोडणारा माणूस, दाढी करायचीही सोडून बसला.

ताई एका सकाळी सासूबाईंकडे आली आणि म्हणाली, "काकी, तुमी माह्याकडून तर रोज काही मागून नेता. त्यायले कोणी काहीच मागत नाही."

सासूबाईंनी ऐकून घेतलं. दुपारी मी पाहिलं, त्या आमचा चांगला चालता स्टोव्ह पुढ्यात घेऊन काहीतरी खटपट करतायत. मग तो घेऊन गेल्या त्याच्या ओट्यावर. "भाऊ, हा पेटून नाही राह्यला. पाहतोस का जरा?"

त्याने स्टोव्ह उघडला. आत बघितलं, सासूबाईंकडे बघितलं आणि स्टोव्ह बाजूला ठेवला.

"काकी, हा बिघडला नाही. याचं वायसर कोणी तरी काढलं."

सासूबाईंनी एक मूठ पदराआड नेली.

"माहा पाय गेला, काकी," तो म्हणाला. "अक्कल नाही गेली. खरंच काही बिघडलं असन तं सांगा."

मला वाटलं, आता या रडतील. पण त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "खरंच सांगू? विहिरीची गडगडी. दिवाळीपासून कुरकुर करून राह्यली. दोरही उतरते. गल्लीतल्या दोन पायाच्या एकाही माणसाकडून झालं नाही."

मी मागून सासूबाईंचा पदर ओढला. तो मात्र कुबड्या घेऊन उठला.

विहिरीपर्यंतचा तो रस्ता त्याने एकट्याने काटला, कारण मदतीला धावणाऱ्यांना सासूबाईंनी डोळ्यांनीच जागच्या जागी उभं केलं. तो कठड्यावर बसला. माझ्या नवऱ्याने गडगडी, म्हणजे दोराचं चाक, काढून त्याच्या मांडीवर दिली. आस झिजला होता. त्याने तो घासला, तेल दिलं, पाचर ठोकली आणि गडगडी वर चढवली. भरउन्हात अर्धी गल्ली बघायला जमली होती. सासूबाईंनी मान तिरकी करून बघितलं आणि ओरडल्या, "तिरपी बसली ना ते. डोळे कुठी ठेवले गा तुह्ये? हे असं काम करत होता का फौजेत?"

लढाईवरून आल्यापासून त्याला कुणी रागावलं नव्हतं. त्याने घाम पुसला, सासूबाईंकडे चांगलं रोखून बघितलं आणि तितक्याच आवाजात म्हणाला, "तिरपी वाटत असन तं या, तुमीच बसवा."