ताठ मानेचं भात

पिकत आलेल्या भाताने मान खाली घालायची असते. त्या वर्षी दसरा होऊन गेला तरी घरासमोरच्या खाचरात कितीतरी लोंब्या शिपायासारख्या ताठ उभ्या होत्या. बाबांनी एक ओढून काढली, नखाने दाणा फोडला. आत काहीच नव्हतं. दुसरीतही नाही. "सगळा पळंज," ते म्हणाले, आणि माझ्या भावाकडे बघितलं.

भाऊ लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत पाळीवर जायचा. आमचा व्हाळ, म्हणजे शेताला पाणी देणारा ओढा, त्याच बाजूने खाली उतरतो, त्यामुळे साक्षीपुराव्याची गरजच नव्हती. "तुज्या कंपनीचा पानी," एवढं बोलून बाबांनी निकाल दिला, आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. दोघं समोरासमोर जेवायला बसत आणि बाबा आईला म्हणत, "त्येला सांग, पान्याचा तांब्या इकडं दे." आज हसू येतं, तेव्हा मी पटापट जेवून उठायचे. जमीन मेली, पुढच्या वर्षी पेरायचं नाही, असं ते सगळ्यांना सांगायला लागले. भाऊही हट्टी, तो लोट्याला खोली शोधू लागला. मला दोघांचाही संताप यायचा आणि त्याहून जास्त भीती वाटायची. तो एकदा गेला असता तर परत आला नसता.

कापणीच्या तोंडावर मी वरच्या बांधावर गवत कापायला चढले. सहज खाली बघितलं, तर ताठ लोंब्यांचा चांगला आखल्यासारखा चौकोन दिसत होता. भोवतीचं भात वाकलेलं, आणि व्हाळाच्या कडेचं तर सगळ्यात जास्त. पाणी खराब असेल तर ते आधी पिणारं भात भरलं कसं? मग चौकोन ओळखीचा वाटला. तिथे आमची दाढ होती, म्हणजे रोपं तयार करायची जागा. पेरणीआधी आम्ही तिथे शेण, फांद्या, वाळका पातेरा पसरून जाळतो, म्हणजे भाजावळ करतो. रोपं काढून झाली की त्याच जागेत लावणीही होते.

त्या उन्हाळ्यात बाबांची कंबर धरली होती, फांद्या तोडणं जमेना. कंपनीत मशीनच्या खोक्यांच्या फळ्या पडून होत्या. बाबांनीच भावामागे टुमणं लावून त्या भाजावळीसाठी टेम्पो भरून आणवल्या. हिरवट, जड फळ्या. त्यांचा धूर घशाला असा झोंबला की आई पेरणीपर्यंत खोकत होती. बाबा मात्र राखेचा ढीग बघून खूश.

मी धावत जाऊन घरात हे सांगितलं. भावाने खेडहून शेतीखात्यातल्या साहेबांना आणलं. वाळवी लागू नये म्हणून अशा लाकडाला तांबं, आर्सेनिक असलेलं औषध पाजतात, ते म्हणाले. लाकूड जळतं, हे जळत नाही, राखेतून मातीत जातं. रोप हिरवंगार वाढतं, पण फुलोऱ्यात पराग वांझ निघतो आणि दाणा धरत नाही. माती तपासली तर तसंच निघालं. चौकोनाबाहेरची माती चांगली होती, पाणीही चांगलं होतं.

"म्हंजे व्हाळ बरा हाय ना?" बाबांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मला तर रडूच फुटलं. इतकं हलकं मला परीक्षा पास झाल्यावरही वाटलं नव्हतं.

साहेबांच्या सांगण्यावरून त्या तुकड्यातलं भात आणि पेंढा वेगळा काढला, वरची माती खरवडून त्यांनी दाखवलेल्या जागी नेऊन पुरली. पुढच्या वर्षी दाढ दुसरीकडे केली, भाजावळीला जंगलातल्याच फांद्या आणल्या, त्या चौकोनात पाणी साचू दिलं नाही. पेरणी झाली, लावणी झाली, पण बापलेकांचं बोलणं आईच्याच मार्फत चालू राहिलं. चूक कळली होती. सुरुवात कशी करायची ते बाबांना कळत नव्हतं. भावाच्या लोट्याच्या खोलीची बोलणी पक्की होत आली होती.

गणपती होऊन गेल्यावर एका सकाळी बाबा त्या चौकोनात उभे होते. लोंब्या नुकत्या कलायला लागल्या होत्या. भाऊ पाळी संपवून बांधावरून येत होता. बाबांनी दाणा दाबला. नखावर पांढरा थेंब आला.

"हिकडं ये रं," ते म्हणाले. "दूध भरला."

भावाने वळून मागे बघितलं, आई आलीय का म्हणून. मागे कोणीच नव्हतं.